पुरवणी

डुलुथ, मिनेसोटा. जानेवारी.
रात्रपाळीतला तीन ते चार हा तास माझा.
व्यसनमुक्तीच्या वॉर्डात बावीस खाटा, एकोणीस भरलेल्या.
दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन फिरायचं,
छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघायचं
आणि वहीत खूण करायची.
मधल्या वेळात मी अर्ज भरते.

क्लिनिकल सोशल वर्क, पदव्युत्तर.
दोन वर्षं, की नोकरी सांभाळून चार?
चार.
आत्ता त्रेचाळीस, पदवीला सत्तेचाळीस,
मग परवान्यासाठी दोन वर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली.
म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर दाराला पाटी:
हेल्मी कोस्केला.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी तास,
मग अंगणातला बर्फ कोण उपसणार?

फी पंचाहत्तर डॉलर. माफीसाठी वेगळा रकाना.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू,
सरळ लिहिलं: सध्या नाहीत.

जुनी गुणपत्रिका जोडली.
संख्याशास्त्र, नापास.
'कारण असल्यास अडीचशे शब्दांत लिहा.'
ते अख्खं सत्र म्हणजे आर्नी, माझा भाऊ,
जुन्या बुइकच्या मागच्या सीटवर झोपणारा,
आणि मी थर्मास घेऊन गल्ल्या धुंडाळणारी.
रकान्यात लिहिलं: भाऊ आजारी होता.
उरलेले दोनशे सत्तेचाळीस शब्द परत.

पण निवेदन?
'या क्षेत्राकडे का वळलात? दोन पानं.'
पहिल्या मसुद्यात आर्नी मेला.
दुसऱ्यात जरा सावकाश मेला.
तिसऱ्यात असा मेला
की वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं
आणि लगेच माझीच शिसारी आली.
दुःखाचं भांडवल म्हणतात ते हेच असावं,
बाराच्या टायपात, दोन ओळींत अंतर सोडून.

शिफारसपत्रं तीन हवीत.
एक पर्यवेक्षिकेचं.
दुसरं प्राध्यापकांचं. त्यांनी विचारलंय, तू कुठल्या वर्षाची?
तिसरं नाव सुचत नाहीये.

सात नंबरच्या खाटेवर वेंडेल लाप्रेरी,
एके काळी खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा.
इथला त्याचा सहावा मुक्काम.
झोप येईना म्हणून टेबलाशी आला, हात थरथरत,
म्हणाला, एवढं काय बडवतेस रोज?
सांगितलं. सांगायला नको होतं बहुधा.
त्यानं फक्त एक पेन्सिल मागितली.

सकाळी नाश्त्याच्या यादीमागे सापडलं,
वाकड्या अक्षरात:
'हिला घ्या.
रात्री तपासायला येते तेव्हा
टॉर्चच्या तोंडावर बोटं धरते,
उजेड डोळ्यांवर पडू नये म्हणून.
तिला वाटतं, आम्ही झोपलोय.'

रुग्णाचं पत्र चालत नाही.
नियम आहे, आणि नियम बरोबर आहे.
त्याचं नाव, खाट, क्रेन,
यातलं काहीच माझ्या दोन पानांत येता कामा नये.
कागद घडी करून खिशात ठेवला,
मग काढून पर्यवेक्षिकेच्या हाती दिला.
तिनं वाचला, चष्मा काढला,
फाइलला लावला. बोलली काहीच नाही.

बोटं मी कधीपासून धरते?
कुणी शिकवलं नव्हतं.
पोलीस बुइकच्या काचेवर टॉर्च आपटायचे,
सगळा उजेड थेट तोंडावर.
आर्नी एकदाच बोलला होता त्याबद्दल,
सूप पिता पिता, माझ्याकडे न बघता.

तिन्ही मसुदे पुसले.
नव्या पानावर एकच ओळ आहे:
'मी रात्री टॉर्च धरते.'
पुढचं अजून येत नाही.
मुदत शुक्रवारपर्यंत, आणि तिसरं नाव
अजून कोरंच.

चार वाजले.
उठते.